न लावलेला कौल

सोमवार, १२ जानेवारी

आज सकाळी आंघोळ करून ओलेत्यानंच देवळात गेलो आणि कौल लावला. निपाणीच्या डॉक्टरीणबाईंकडे जावं की जाऊ नये, एवढंच विचारायचं होतं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि हात जोडून बसलो. डावी पडली. डावी म्हणजे नको. पण पाकळी फारच ओली होती, पाण्याच्या वजनानं घसरली असणार, असं वाटलं. म्हणून पुन्हा लावला. या वेळी उजवी पडली. मन शांत झालं. रविवारी जायचं ठरलं.

ही डायरी कंपनीनं दिलेली. दर वर्षी मिळते आणि दर वर्षी माधवी तिच्यात चकलीचं, अनारशांचं प्रमाण लिहून ठेवायची. यंदा ती कोरीच राहिली असती, म्हणून मी लिहायला घेतली. माधवी दिवाळीनंतर ऋतिकाला घेऊन बेळगावला वडगावात खोली करून राहते. ऋतिकाचं नर्सिंगचं कॉलेज तिथंच आहे, त्यामुळं गावात सांगायला कारण बरं आहे. खरं कारण मटका, माझं आकडे लावणं. जाताना दारात उभी राहून ती म्हणाली, "तुम्ही वाईट माणूस न्हाय. पण तुमच्या शब्दावर मला आता घर चालवता येत न्हाय. आकडा सुटला हे तुमच्या तोंडावर दिसू दे, मग मी येतो का न्हाय ते बोलू."

रागावली असती तर बरं वाटलं असतं.

आमच्या रवळनाथाला कौल लावायचा मान आमच्या घराचा. वडील लावायचे, आता मी लावतो. माझं नावही देवावरूनच ठेवलंय. असं असून मला हे व्यसन कसं लागलं, ते देवालाच ठाऊक.

रविवार, १८ जानेवारी

निपाणीला जाऊन आलो. माझी थोरली बहीण मालुबाईआक्का तिथं असते, तिनंच हे जमवलं. वखारीत तिच्या शेजारी तंबाखू निवडायला बसायच्या त्या तानीबाईंची नात सुनयना डॉक्टर झाली आहे, मनाच्या आजारांची. संमोहन शिकली आहे. बेळगावातही असे डॉक्टर असतील, पण तिथं गावचं कुणीतरी दिसतंच. निपाणीला बहिणीकडे चाललो म्हटलं की कुणी काही विचारत नाही.

बेळगावजवळच्या मच्छे गावात मी कारखान्यात कामाला आहे, तिथं नागेंद्र माझ्या शेजारच्या लेथवर असतो. त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "अण्णा, तुला झोपवून एटीएमचा नंबर काढून घेतील बघ."

म्हटलं, "घेऊ देत. त्यांनाच वाईट वाटंल."

औषधाच्या दुकानावर दोन खोल्या. भिंतीवर बुद्धाचं चित्र, त्याखाली तानीबाईंचा फोटो. मला वाटलं होतं, डोळ्यांसमोर काहीतरी हलवतील. तसं काही केलं नाही. आधी त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. म्हणाल्या, "अण्णा, संमोहन म्हणजे जादू न्हवं. मी तुमच्याकडून सवय काढून घेऊ शकत न्हाय. तुम्हाला सोडायची असंल तर हात देऊ शकते. बाकीचं पण करायचं. पगार वहिनींच्या खात्यावर जाऊ दे. आकडा घेतात त्या चहाच्या टपरीवर जायचं बंद करा." मी होय म्हटलं.

मग खुर्चीत रेलून डोळे मिटायला सांगितलं. त्या हळूहळू बोलत होत्या. पाय जड झाले, मग हात. झोप लागली नाही. खालच्या दुकानात कुणीतरी खोकल्याच्या गोळ्या मागत होतं तेसुद्धा ऐकू येत होतं, पण लांबून. भाताच्या वाफ्यात पाणी सोडून बांधावर बसलं की गावातले आवाज येतात ना, तसं. अंगात येणाऱ्यासारखं काहीतरी होईल ही भीती होती, ती गेली.

त्या म्हणाल्या, "जिथं तुम्हाला सगळ्यात जास्त शांत वाटतं तिथं जा. कुठं आलात?"

"देवासमोर."

"काय दिसतंय?"

समई, तेलकट पाषाण, खांद्यावरची पाकळी. सगळं सांगितलं. त्यांनी अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर दाबायला लावलं. म्हणाल्या, आकड्याची ओढ लागली की असं दाबायचं, ही जागा तुमच्यापाशी येईल.

बसमध्ये कितीतरी वेळ बोटं तशीच धरून बसलो होतो. पाकळी धरतो तशी.

बुधवार, २१ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत, आकडा उघडायच्या वेळी, ओढ लागली. बाईंनी सांगितल्याप्रमाणे बोटं दाबली. देवासमोर गेलो खरा, पण शांत वाटलं नाही. छाती धडधडायला लागली, तोंड कोरडं पडलं. काहीतरी आता पडेल, आता पडेल, असं होत राहिलं.

नागेंद्र म्हणाला, "काय अण्णा, आज देवानं काय दाखवलं?" कारखान्यात सगळे मला असंच विचारतात. कौल लावणारा म्हणून माझ्या स्वप्नावर त्यांचा भरवसा. माझे आकडे लागत नाहीत, हे दिसत असूनही विचारतात.

"काय न्हाय," म्हटलं. तरी टपरीपर्यंत चालत गेलो, उभा राहिलो आणि परत आलो. लावला नाही.

बाईंची खूण अजून मुरली नसावी. लोणचंसुद्धा लगेच मुरत नाही.

शनिवार, २४ जानेवारी

लावला.

पगार माधवीकडे जातो, तरी नागेंद्रनं टपरीवर उधारीत लावून दिला. बोटं तर सकाळपासून दाबत होतो. जितकी दाबावीत तितकी ओढ वाढत होती. शेवटी सुटका व्हावी म्हणूनच लावला असं म्हटलं तरी चालेल. पडला नाही. पडला नाही याचं दुःखही फार झालं नाही, हे मला विचित्र वाटतं. आकडा उघडेपर्यंतचा वेळ तेवढा माझा होता.

सोमवार, २६ जानेवारी

सुट्टी. शाळेत झेंडावंदन झालं. नंतर देवळात गेलो. शनिवारचं बाईंना सांगावं का, असा कौल लावला. डावी पडली. आज पाकळी बरोबर ओली होती, त्यामुळं दुसऱ्यांदा लावला नाही. देवाला एकाच गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा त्रास देऊ नये.

रविवार, १ फेब्रुवारी

निपाणी. बाईंना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "खूण काम करते का?" मी म्हटलं, "करते." त्यांनी ती आणखी पक्की करून दिली. देवळातली ती जागा आणखी उजळ, आणखी जवळ. मी खुर्चीत घामाघूम झालो. त्यांनी पंखा वाढवला.

नंतर आक्काकडे चहाला थांबलो. गॅसवर दूध चढत होतं. मनात आलं, उतू गेलं तर माधवी पाडव्याच्या आत परत येणार. दूध काठाला आलं आणि आक्कानं गॅस बंद केला. माझ्या तोंडातून "थांब" निघालं.

आक्का बघतच राहिली. "दूध उतू जाऊ द्यायचं व्हय रं? डॉक्टरिणीनं शिकवलं काय हे?"

मी हसलो. पण दूध काठावरच थांबलं, मग ते 'येणार' धरायचं की 'नाही येणार', हे कोडं बसमध्ये शेवटपर्यंत सुटलं नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

माधवीचा फोन. पगार जमा झाला, एवढं सांगायला.

"बरं हाय न्हवं?" मी विचारलं.

"हाय. ऋतिकाची परीक्षा हाय. तुम्ही जेवता ना वेळेवर?"

"जेवतो. तू म्हणालतीस, तोंडावर दिसंल म्हणून."

"फोनवर तोंड कुठं दिसतंय?" ती म्हणाली. मग थोडी थांबली. मला वाटलं, अजून काही बोलेल. मनात म्हटलं, मी वीस म्हणायच्या आत बोलली तर येणार. मी मोजत होतो, त्यामुळं ती काय बोलली ते नीट ऐकू आलं नाही. "ऐकताय ना?" म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवार, १५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपास होता तरी गेलो. आज फार वाईट झालं.

बाईंनी आज वेगळं केलं. म्हणाल्या, "आकडा लावायच्या आधीच्या क्षणात सावकाश जाऊ. घाई न्हाय. टपरीवर उभे आहात. पोटात काय होतंय?"

माझाच आवाज मला ऐकू आला, लांबून. "पाकळी चिकटवल्यावर होतं तसं."

त्यांनी विचारलं, "आणि पाकळी पडली की?"

"रिकामं वाटतं. परत लावावीशी वाटते."

मग त्यांनी मला नेहमीसारखं वर आणलं, पाणी दिलं. जरा वेळानं म्हणाल्या, "अण्णा, कौल कशाकशासाठी लावता?"

गावाचं काम, कुणाचं लग्न, हरवलेलं जनावर. मग म्हटलं, घरचंही. कामावर जावं का, कुठल्या बसनं जावं, ऋतिकाला फोन करावा का. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की यादी संपत नाहीये, आणि मी थांबलो. त्या नुसत्या बघत होत्या. मला राग आला. मी म्हटलं, "तुम्ही देव मानत न्हाय. म्हणून तुम्हाला दोन्ही एकच दिसतंय. माझा आकडा काढायला सांगितला होता, देव न्हवं."

बोलायला नको होतं. त्यांचा चेहरा बदलला नाही. म्हणाल्या, "माझ्या मानण्याचा इथं प्रश्न न्हाय. आमची आजी पण रोज दिवा लावायची बुद्धापुढं, मी कधी लावते, कधी न्हाय. एकच विचारते. तुम्ही देवळात गेलात आणि काहीच विचारलं न्हाय, असं शेवटचं कधी झालं?"

मी पैसे टेबलावर ठेवून खाली उतरलो. आक्काकडे गेलोच नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

चार दिवस त्या बाईशी मनातल्या मनात भांडतोय. कौल म्हणजे देवाचा शब्द. मटका म्हणजे माणसाची लूट. एक पवित्र, एक घाण. हे तिला कोण समजावणार?

पण तिनं विचारलं त्याचं उत्तर सापडत नाही. वडील वारले तेव्हा मी देवळात गेलो होतो. तेव्हा तरी नुसता बसलो होतो का? नाही. दहावा कुठं करावा, ते विचारलं होतं.

आज संध्याकाळी नुसतं दर्शन घ्यायचं, असं ठरवून गेलो. हात जोडले. डोळे मिटले. उघडून बघतो तर उजव्या हाताची बोटं फुलांच्या ताटलीत होती.

शनिवार, २१ फेब्रुवारी

आक्काचा फोन. रविवारी न भेटता गेलास म्हणून शिव्या दिल्या. मग मी तिला सगळं सांगितलं, जानेवारीत लावलेल्या आकड्यासकट. मला वाटलं रडेल. ती हसायला लागली.

"रवळ्या, तुला आठवत न्हाय का रं? शाळेला जाऊ का नको, हे पण तू जास्वंदीला विचारायचास. आणि नको आलं की जायचा न्हाईस, आणि जा आलं की परत विचारायचास. आई म्हणायची, ह्याला देव पाहिजे का सुट्टी पाहिजे?"

मलाही हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणी का आलं, कळलं नाही.

रविवार, १ मार्च

गेलो. कौल न लावता गेलो. गेल्या कित्येक वर्षांत मी कौल न लावता केलेली ही पहिलीच मोठी गोष्ट असेल. बसस्टँडवर पहिली आली ती बस धरली.

बाईंना सगळं सांगितलं. आकडा लावला ते, खोटं बोललो ते, देवाबद्दल बोललो त्याची माफीही मागितली. त्या म्हणाल्या, "चूक माझी पण झाली. शांत जागा कुठली, हे मी विचारलं. तिथं बसून तुम्ही काय करता, हे विचारलंच न्हाय. तुम्ही देवळात आहात म्हटल्यावर मी समजून चालले. ज्या दारातनं तुम्हाला बाहेर काढायचं, त्याच दारात मी तुम्हाला रोज उभं करत होते."

एवढी शिकलेली बाई असं सरळ बोलेल, असं वाटलं नव्हतं. मला उगीचच धीर आला.

"आता दुसरी जागा शोधू," त्या म्हणाल्या. "जिथं काहीच ठरायचं नसतं."

डोळे मिटले. बराच वेळ काही आलं नाही. नदी आली, पण तिथं मी दगड किती वेळा उडतो ते बघायचो. शेताचा बांध आला, पण तिथं पाऊस येणार की नाही हे होतंच. मग सुपाचा आवाज आला. घरामागचा फणस, त्याखाली आई तांदूळ पाखडत बसलेली. मी सहा-सात वर्षांचा, तिच्या पाठीला टेकून. सूप वर, सूप खाली. कोंडा उडतोय. आई काही बोलत नाही. मला काही नको आहे.

"तिथं काय होणार आहे?" बाईंनी विचारलं.

"काय न्हाय," मी म्हटलं. "तांदूळ."

बोटांची खूण काढून टाकली. आता हात मांडीवर पालथा ठेवायचा, मोकळा. पाकळी धरता येणार नाही असा.

शुक्रवार, ६ मार्च

ओढ येते. गेली असं नाही, येतेच. पण आता ती आली की हात पालथा ठेवतो, सुपाचा आवाज ऐकतो. ती थोडा वेळ उंबऱ्यावर बसते आणि उठून जाते. एखाद्या दिवशी लवकर जात नाही.

नागेंद्र आज म्हणाला, "अण्णा, तू हल्ली काय सांगत न्हाईस. आमचं नुकसान व्हाय लागलंय."

"उलटा हिशेब हाय तुझा," म्हटलं. "मी सांगत होतो तवाच व्हायचं."

त्यानं जरा विचार केला आणि मान हलवली. "ते पण खरं हाय म्हणा." आणि गेला टपरीवर.

मंगळवार, १० मार्च

देवळाचा कारभार बघणाऱ्या महादेवआप्पांचा निरोप आला. सोमवारी गाव देवळात जमणार, जत्रेचा दिवस ठरवायला कौल लावायचा आहे. म्हणजे मीच लावायचा. हा गावाचा कौल आहे, माझा नाही. यात काय वाईट, असं मन म्हणतं. आणि मन असं म्हणताना छाती कशी धडधडते, तेही मी ऐकतो.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो. गावाचा कौल झाला की पाषाण ओला असतो, ताटलीत फुलं उरलेली असतात. तेव्हा माधवीचं एकदा विचारून घेता येईल. येईल की नाही, एवढंच. एकदाच.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी काही सांगणार न्हाय अण्णा. हे तुमचं आणि गावाचं हाय." मला राग आला नाही. त्यांनी सांगितलं असतं तर तोही एक कौलच झाला असता.

सोमवार, १६ मार्च

झालं ते लिहितो.

देऊळ भरलं होतं. महादेवआप्पांनी ताटली माझ्यासमोर केली. "हं, रवळू. घे पाणी हातात."

मी हात मांडीवरून उचलला नाही. म्हटलं, "मी लावणार न्हाय. परशा लावंल." परशराम माझा चुलतभाऊ, त्याच घराचा, मान त्यालाही पोचतो. तो दचकून माझ्याकडे बघायला लागला.

"का रं? सोयर-सुतक हाय काय तुला?"

"न्हाय."

"मग काय त्या निपाणीच्या बाईनं झोपवून देव काढून घेतला तुझा?" मागून कुणीतरी म्हणालं. हसले सगळे. म्हणजे गावाला ठाऊकच होतं. मी इतके दिवस लपून, बस बदलून निपाणीला जात होतो ते कशाला, कुणास ठाऊक.

"देव हाय तिथंच हाय," मी म्हटलं. "माझा हात बरोबर न्हाय. मला आकड्याचं व्यसन हाय. पाकळी धरली की हात आकड्याकडं जातो. मला दोन्हीतला फरक कळंनासा झालाय. म्हणून आजपासून मी कौल लावणार न्हाय. गावाचा न्हाय, घरचा पण न्हाय."

कुणी हसलं नाही मग. "तुझा बाप असता तर," महादेवआप्पा एवढंच म्हणाले आणि ताटली परशरामपुढं सरकवली. बाप असता तर काय, ते बोलले नाहीत. मीही मनात काही धरून बघितलं नाही.

परशानं कौल लावला. पाकळी पडायची सगळे वाट बघत होते. मी देवाच्या तोंडाकडे बघत होतो. इतकी वर्षं मी खांद्याकडेच बघत आलो होतो. देवाच्या पाषाणाला उजव्या डोळ्याखाली एक बारीक खळगा आहे, तो मी आज पहिल्यांदा पाहिला.

उतरताना पायरीवर आमच्या गल्लीतल्या बाळाबाईनं गाठलं. इकडंतिकडं बघून म्हणाली, "आमच्यात पण एक हाय रं. त्या बाईचा पत्ता दे मला."

बुधवार, १८ मार्च

अर्धी रजा टाकली आणि मच्छ्याहून वडगावला गेलो. न कळवता गेलो, कारण कळवलं असतं तर तिच्या होकाराची वाट बघत बसलो असतो.

दार माधवीनंच उघडलं. ऋतिका कॉलेजात होती. माधवीनं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मीही ते बघू दिलं.

"बसा," म्हणाली. "दूध ठेवलंय, चहा करतो."

मी बसलो. सोमवारी देवळात जे केलं ते सांगितलं. जानेवारीत आकडा लावला होता तेही सांगितलं. त्यानंतर लावला नाही, पण ओढ येते आणि येत राहील, हेही. ती माझ्याकडे पाठ करून गॅसपाशी उभी होती.

मग जे मला देवाला विचारायचं होतं, ते मी तिलाच विचारलं.

"माधवी, तू घरी येशील का?"

पातेल्यात दूध चढायला लागलं होतं, कडेनं साय हलत होती. मी मान वळवली, हात मांडीवर पालथा ठेवला, आणि दुधाकडं न बघता तिच्या बोलण्याची वाट बघत बसलो.